चिटणिसाची लेखणी

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, सुरनिसांचे सचिव आणि वाकनिसांचे मंत्री. चिटणीस मात्र चिटणीसच राहिले. अष्टप्रधानांत त्यांची गणती नव्हती. पण महाराजांच्या मनातला मजकूर कागदावर उतरायचा तो बाळाजी आवजींसारख्या चिटणिसाच्या हातून. आज सचिव आणि मंत्री मंत्रालयात बसतात, पण त्या जुन्या हुद्द्यांच्या कामाशी त्यांचा फारसा संबंध उरलेला नाही. चिटणीस राजकीय पक्षात आहे, महापालिकेत आहे, गावच्या वाचनालयात आहे, आणि त्याच्या हाती काम तेच आहे: चौघांत ठरले ते लिहून काढणे.

शिवकाळातले एखादे मोडी पत्र नीट निरखून पाहावे. आधी आडवी रेघ ओढलेली, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत गेलेली अक्षरे. मजकूर लिहून झाला की काम संपत नसे. राजपत्रे वाचून त्यांतले अधिक-उणे दुरुस्त करणे हे सचिवाचे काम होते. पत्राच्या माथ्यावर शिक्का उठे आणि मजकूर जिथे थांबे तिथे मोर्तब, म्हणजे त्याखाली मागाहून कुणी ओळ घुसडायला नको. लिहिणाऱ्यावर विश्वास होताच. तरीही कागद सहसा एकाच हातातून बाहेर पडत नसे. या व्यवस्थेतले खरे शहाणपण मला इथे दिसते.

पुढे १६८१ मध्ये संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो आणि बाळाजी आवजी यांना देहदंड झाला. अण्णाजी म्हणजे शिवाजी महाराजांचे सचिव, बाळाजी चिटणीस. पत्र तपासणारा आणि पत्र लिहिणारा एकाच वेळी गेले. तरीही बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी संभाजी महाराजांची, मग राजाराम महाराजांची आणि पुढे शाहू महाराजांची चाकरी केली. घराण्याकडे चिटणिशी राहिली.

याच घराण्यातल्या मल्हार रामरावांनी १८१० च्या सुमारास साताऱ्यात बखर लिहिली. घटना घडून सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली होती. त्या बखरीतले संभाजी महाराज उतावळे, व्यसनी, राज्य घालवणारे. हे चित्र मराठी मनात इतके खोल रुजले की नाटक-कादंबऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले. १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी लिहिलेले संभाजी महाराजांचे चरित्र आले, त्यानंतर कमल गोखले यांनी लिहिलेले. दोघांनी अस्सल कागद पुढे ठेवले, तेव्हा कुठे ती प्रतिमा हलली. ज्या राजाच्या हुकमाने पूर्वज मारला गेला, त्याचे शील त्या पूर्वजाचा वंशज लिहीत होता, ही गोष्ट वाचकांनी फार काळ मनावर घेतली नाही.

मल्हार रामरावांनी जाणूनबुजून सूड उगवला, असे मी म्हणणार नाही. घरात ऐकलेले दुःख माणूस खरेच मानतो, आणि त्यांनी ते खरे मानूनच लिहिले असावे. माझी तक्रार वेगळी आहे. त्यांच्या खापरपणजोबांच्या काळात राजपत्रे सचिवाच्या नजरेखालून जात. या बखरीला तसा तपासणारा दीडशे वर्षे मिळाला नाही. आपण तिच्याकडे सरकारी कागदाच्या भरवशाने पाहिले, कारण लिहिणाऱ्याच्या नावापुढे चिटणीस हे पद होते.

म्हणूनच संस्थांच्या सभांमध्ये एका गोष्टीने मी अस्वस्थ होतो. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सचिवाची नजर आणि मोर्तब मिळून जे काम करत, ते करण्याची संधी आज प्रत्येक सभासदाला याच एका विषयात मिळते. कुणाचा विरोध नोंदला गेला, कुणाचा गळला, खर्चाला मंजुरी खरेच दिली होती का, हे विचारायची वेळ हीच. चिटणीस वही उघडून पहिले वाक्य वाचू लागतात, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणते, ‘वाचलेले समजा, पुढचा विषय घ्या.’ सगळे माना डोलावतात. चिटणीस वही मिटतात, अध्यक्ष सही करतात.