दोन रिंगांचे नीतिशास्त्र

युरोपीय संघाने २०१७ साली आपसांतले जादा रोमिंग दर उठवले. आपला माणूस मात्र दुबईत उतरला की आधी मोबाईलचा डेटा बंद करतो. रोमिंगमध्ये घरचा फोन नुसता उचलला तरी पैसे त्यालाच पडतात! म्हणून ठरलेले असते: दोन रिंगा म्हणजे सुखरूप पोचलो. कुणी उचलायचे नाही.

आता ही चोरी म्हणायची का? निरोप पोचला, पैसा नाही. आमच्या बँकेच्या भाषेत व्यवहार झाला, व्हाउचर नाही! पण कंपनी पैसे घेते बोलण्याचे, आणि आपण बोललोच कुठे? झाले, निर्दोष सुटलो.

फक्त एक अडचण आहे. ‘आम्ही बोललोच नाही’ हा कंपनीपुढचा बचाव, घरी फोनपाशी बसलेल्या आईपुढे तोच आरोप ठरतो. आणि ती माउली बिलसुद्धा पाठवत नाही हो!