आपल्याच माणसांना अडवणारी श्रद्धा

निवडणुका जवळ आल्या की वसईतल्या चर्चच्या पटांगणात रविवारच्या मिस्सानंतर दोन तऱ्हेची माणसं भेटतात. काही म्हणतात, ‘फादरांनी वेदीवरून राजकारण बोलू नये.’ काही म्हणतात, ‘आपल्या समाजाचं काम कोण करतो ते बघा आणि मत द्या.’ पहिल्यांना श्रद्धा सोवळ्यात ठेवायची असते, दुसऱ्यांना ती कामाला जुंपायची असते. वरवर ही दोन टोकं दिसतात, पण एका बाबतीत दोघांचं एकमत आहे. श्रद्धेने राजकारणाला अवघड प्रश्न विचारू नयेत, असंच दोघांनाही वाटतं.

सोवळंवाल्यांचा लाडका आधार म्हणजे कैसराच्या नाण्याचा प्रसंग. एरवी ज्यांचं आपसात जमत नसे, ते परूशी आणि हेरोदी येशूला पेचात पकडायला एकत्र आले. रोमला कर द्यावा की नाही? हो म्हणावं तर लोक बिथरणार, नाही म्हणावं तर सरकार धरणार. येशूने नाणं मागवलं, त्यावर मुद्रा कुणाची ते विचारलं आणि ज्याचं त्याला देऊन टाका, असं सांगितलं. या उत्तराचे आपण दोन कप्पे केले, रविवार देवाचा आणि बाकी आठवडा सरकारचा. पण नाण्यावर कैसराची मुद्रा असेल, तर माणसावर कुणाची आहे? उत्पत्तीच्या पुस्तकानुसार माणूस देवाच्या प्रतिमेत घडला. म्हणजे कर कैसराने न्यावा, माणूस मात्र त्याच्या मालकीचा नव्हे. जिथे माणूस तुडवला जातो, तिथे ‘हे आमचं खातं नाही’ असं ख्रिस्ती माणसाला म्हणता येत नाही.

दुसऱ्या गटाचं प्रकरण अधिक नाजूक आहे. अल्पसंख्य समाजाने स्वतःवरच्या अन्यायाबद्दल बोलणं हा स्वार्थ नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे. कुठे प्रार्थनासभेवर हल्ला झाला, तर आवाज उठलाच पाहिजे. पण शाळेचं अनुदान, दफनभूमीची जागा आणि पाडलेला क्रूस एवढ्यावरच आपला आवाज फुटत असेल, तर तो समाजहिताचा आवाज आहे. त्याला श्रद्धेचा आवाज म्हणायची घाई करू नये.

इथे पंडिता रमाबाई आठवतात. १८९७च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीरपणे लिहिलं. धर्मांतरामुळे पुण्यातला मोठा वर्ग आधीच त्यांच्यावर रुष्ट होता. त्यांची संस्था चालत होती ती बव्हंशी परदेशातल्या ख्रिस्ती देणगीदारांच्या पैशावर. राज्यकर्तेही ख्रिस्तीच. व्यवहार बघितला असता, तर त्यांनी मिठाची गुळणी धरायला हवी होती.

काका बॅप्टिस्टांचंही तसंच. मुंबई-साष्टी-वसईकडच्या कॅथलिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. आपण ब्रिटिशांचे जुने प्रजाजन आहोत हे ठसवावं आणि नोकऱ्यांत मान मिळावा, हा त्यामागचा हिशेब होता. त्याच समाजातला, माझगावचा हा बॅरिस्टर लोकमान्य टिळकांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि १९१६ साली त्यांच्या होमरूल लीगचा अध्यक्ष झाला.

वसईकरांना याहून जवळचा दाखला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा. पुढे २०२०मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण वसईत त्यांची ओळख त्याआधीपासून ‘हरित वसई’ची. बागायती पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, तेव्हा ते रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यासोबत हिंदूही होते, ख्रिस्तीही. ही लढाई नुसती सरकारशी किंवा बिल्डरांशी असती, तर सोपी होती. पण वाडीच्या तोंडाशी नव्या इमारतींसाठी टँकर उभा असे, विहिरीवरचा पंप रात्रंदिवस चाले आणि पाणी विकणारा कित्येकदा आपलाच असे. रोजचे रोख पैसे मिळत. पानवेल आणि केळीला घाम गाळूनही तेवढे सुटत नसत. उपसा वाढला की शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ होई. टँकरची वाट बघणारी नव्या इमारतींतली कुटुंबंही काही शत्रू नव्हती, त्यांनाही हंडाभर पाणी हवंच होतं. अशा ठिकाणी ‘आपल्या समाजाचं काम’ म्हणजे नेमकं कुणाचं काम? टँकर भरणाऱ्याचं, की मचूळ विहीरवाल्याचं?

कॅथलिक चर्चच्या कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. १९८३च्या धर्मनियम संहितेनुसार धर्मगुरूला सत्तेचं पद घेता येत नाही आणि पक्षकार्यातही सर्वसाधारणपणे सक्रिय राहता येत नाही. याचा अर्थ चर्चने गप्प बसावं असा नाही. पक्षात जाणं, निवडणूक लढवणं, ग्रामसभेत हात वर करणं हे प्रपंचातल्या माणसांचं काम आहे. आपण मात्र ते फादरांवर ढकलतो आणि फादर बोलले की ‘वेदीवर राजकारण नको’ म्हणतो.

म्हणून श्रद्धा आणि राजकारण यांचा समतोल म्हणजे अर्धं हे, अर्धं ते, अशी वाटणी नव्हे. आपल्या श्रद्धेने आपल्या पक्षाला, जातीला किंवा घराला शेवटचं कधी अडवलं, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं. विरोधकाला अडवल्याची उदाहरणं भराभर सुचतील, ती जमेस धरू नयेत. आपल्या माणसाला अडवल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही, तर आपण ज्याला श्रद्धा म्हणतो ते बहुधा आपलं आधीच ठरलेलं मत असतं आणि त्यावर आपण देवाची सही घेऊ पाहत असतो. मतदानाच्या रांगेत उभं राहण्याआधी एवढी झाडाझडती घेतली, तर कुणाला मत द्यावं हे दुसऱ्याने सांगण्याची गरज उरत नाही.