कबर वाचण्याचा अधिकार

बार्बाडोस हे कॅरिबियन भागातले चिमुकले बेट. भूमी बहुतांशी प्रवाळाच्या चुनखडीची. संगमरवर तिथे निघत नाही. तरीही ब्रिजटाउनच्या सेंट मायकेल चर्चमध्ये संगमरवरी स्मृतिलेख आहेत. समुद्रापलीकडून दगड आणवणे हीच ऐपतीची खूण. तिथल्या ज्यू दफनभूमीत सतराव्या शतकापासूनच्या शिळांवर हिब्रू, पोर्तुगीज, इंग्रजी अक्षरे आढळतात. (दोन भाषांत घर चालवणाऱ्या आपल्याला त्याचे नवल वाटू नये!) ऐपतदार मृताचे नाव, गुण सारे कोरलेले. वाचणाऱ्याने नुसते उभे राहायचे.

त्याच बेटावर न्यूटन नावाचा उसाचा मळा होता. साधारण १६६० ते १८२० या काळात तिथे राबलेले अंदाजे ५७० गुलाम मळ्यातच पुरले गेले. नाव कोरलेला दगड एकाच्याही वाट्याला आला नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँग यांनी तिथे उत्खनन केले. दातांवरच्या आडव्या खाचांनी बालपणीच्या उपासमारीची, आजारांची साक्ष दिली.

इथे मन अडखळते. धनिक सांगायचे ते स्वतः सांगून गेला, लपवायचे ते लपवून गेला. गुलामाचे ऐकायचे तर त्याची माती उकरावी लागते. जिवंतपणी ज्याचा स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, त्याच्या हाडांना मेल्यावर तरी विचारायला नको का? आणि विचारायचे कुणाला? मला वाटते, न उकरण्यात सभ्यपणा दिसला तरी लाभ मळेवाल्याचाच आहे. मग इतिहास त्याच्याच शिळेवरून लिहिला जाणार. १८३३च्या कायद्याने ब्रिटिश संसदेने मालकांना २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली, गुलामांना छदामही नाही. अशा हिशेबात हाडांची साक्ष नाकारून कसे चालेल? मात्र साक्ष झाल्यावरही ती हाडे मातीत परत जाऊ नयेत, याचे समर्थन मला सापडत नाही.

न्यूटनमध्ये एका वृद्धाच्या सांगाड्याबरोबर माळ मिळाली. कवड्या, कुत्र्याचे सुळे, काचमणी आणि एक लालसर अकीक. हा मणी बहुधा खंबायतचा. बडोद्याकडच्या वाचकांना तिथले अकीक नव्याने सांगायला नकोत. तो माणूस गुलामांमधला वैदू असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. इतक्या दुरून आलेला तो मणी, पण पुरताना सोबत्यांपैकी कुणी तो काढून ठेवला नाही.