तोही प्रवासालाच निघाला होता



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकच विषय असतो : यंदा कुठे? पूर्वी उत्तर ठरलेले असायचे. मामाचे गाव, फार झाले तर वेलंकनी किंवा गोवा. आता काही घरांतली मुले आखातात नोकरीला आहेत, त्यांच्यामुळे आईवडिलांनाही विमान घडते. आनंदाची गोष्ट आहे. मलाही थोरल्या भावामुळे एकदा दुबई घडली. तिथली एक गोष्ट मी आजवर सांगितली नव्हती, कारण ती माझ्याच विरुद्ध जाते.

सकाळी सेंट मेरी चर्चमध्ये मिस्सा झाली. दुपारी भाऊ, वहिनी, दहा वर्षांची पुतणी आणि मी असे बुर्ज खलिफा पाहायला निघालो. साडेचारची तिकिटे आधीच काढलेली होती. मेट्रो स्थानकाबाहेर भिंतीला टेकून एक साठीचा माणूस खाली बसला होता. घामाने डबडबलेला, हात थरथरत होते. मी त्याला पाहिले. पाहिले नाही असे म्हणायची सोय नाही. परका देश, आपण पाहुणे, याला काही झाले तर पोलीस आपल्यालाच विचारतील, शिवाय साडेचार वाजत आले आहेत, हे सगळे एका क्षणात सुचले आणि मी पाच-सहा पावले पुढे गेलो.

वहिनी थांबली. ती काही नर्स नाही. तिच्या वडिलांना मधुमेह होता, एवढेच. तिने वाकून विचारले, "चाचा, शुगर है क्या?" त्याने मान हलवली. तो शुद्धीवर आहे, गिळू शकतो हे पाहून तिने पुतणीच्या पिशवीतला आंब्याच्या ज्यूसचा खोका त्याला हळूहळू पाजला, वर दोन बिस्किटे दिली. वीसेक मिनिटांनी त्याच्या तोंडावर रंग आला. टॅक्सी चालवतो म्हणाला, पेशावरकडचा. सकाळी गोळी घेतली आणि जेवण राहून गेले. पेशावर ऐकताच भाऊ जरा गप्प झाला, पण बिस्किटांचा पुडा त्यानेच पुढे केला. आमची साडेचारची वेळ हुकली. परतताना पुतणीने मला विचारले, "काका, तुम्ही पुढे का गेलात?"

संत लूकच्या दहाव्या अध्यायात त्या जखमी माणसाला पाहून सर्वांत आधी कोण पुढे निघून गेले, हे तुम्हाला सांगायला नको. याजकच होता तो.

त्या दाखल्यावर मी कितीतरी प्रवचने केली आहेत. तो शोमरोनी प्रवासात होता, या शब्दावर मात्र मी कधी थांबलो नव्हतो. ती वाट यरुशलेमहून यरीहोला उतरते. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. पंचवीस-तीस किलोमीटरांत हजार मीटरांचा उतार, दोन्हीकडे उघडे डोंगर. शोमरोन उत्तरेला राहिले. म्हणजे हा माणूस परक्या मुलखात होता, आणि तिथले लोक त्याच्या लोकांशी व्यवहारही ठेवीत नसत. मला दुबईत जी कारणे सुचली ती सगळी त्याच्याजवळ होती. लुटारू अजून जवळपास असतील, ही भीती वेगळीच.

त्याने काय केले ते येशूने अगदी हिशेबाने सांगितले आहे. तेल आणि द्राक्षारस ओतला. हे काही त्याने औषध म्हणून विकत आणले नव्हते, वाटेची शिदोरीच असणार. जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवले, म्हणजे उरलेली वाट हा स्वतः पायी चालला. रात्र उतारशाळेत काढली. सकाळी मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले. दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगून तो आपल्या कामाला गेला! त्याने प्रवास रद्द केला नाही, त्या माणसाला आपल्या घरीही नेले नाही. एक दिवस, एक रात्र, दोन दीनार आणि परतीचा शब्द. आपण मात्र समजतो की एकदा हात लावला की सगळे आयुष्यभर गळ्यात पडेल, आणि त्या भीतीने हातच लावत नाही.

26 डिसेंबर 2004 हा रविवार आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पवित्र कुटुंबाचा सण होता, आणि बाळ येशूला घेऊन योसेफ व मरिया मिसर देशात पळाल्याचे शुभवर्तमान त्या दिवशी वाचले गेले. त्याच सकाळी त्सुनामीने वेलंकनीच्या किनाऱ्यावर कितीतरी यात्रेकरू ओढून नेले. तिकडे थायलंडमध्ये फुकेतच्या माई खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्लिश मुलगी आईवडील आणि बहिणीबरोबर सुट्टीला आली होती. समुद्राला फेस आलेला, आणि पाणी मागे न हटता वर वर येत चाललेले तिने पाहिले. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिक्षकांनी हीच लक्षणे शिकवली होती. ती ओरडू लागली. आईला आधी पटेना. वडिलांनी मात्र हॉटेलच्या पहारेकऱ्याला सांगितले आणि किनारा रिकामा केला गेला. शंभरच्या आसपास माणसे वाचली. त्या वडिलांचे मला विशेष वाटते. परक्या देशात, मुलीच्या शब्दावर, अनोळखी लोकांसमोर वेडे ठरण्याची त्यांनी तयारी ठेवली.

परदेशी जाणारे आपल्यात थोडेच. पण आपला औट्रम घाट हा आपल्या दारातला यरीहोचा उतार आहे. तिथून धुळ्याकडे जाणारे कोण कुठले असतात! 31 ऑगस्ट 2021 ला दरड कोसळली तेव्हा किती परगावचे लोक घाटात अडकून पडले होते. त्यांना चाळीसगाव हाच परका मुलूख. अपघात झाला की आपण गाडी हळू करतो, पाहतो आणि पोलिसांच्या लचांडाच्या भीतीने पुढे जातो. ती भीती आता कायद्यानेही ठेवलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 ला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिले. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आले. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. 112 ला फोन केला तरी पुष्कळ काम होते. युरोपात जाणाऱ्यांनीही हाच क्रमांक लक्षात ठेवावा, तिथेही तोच आहे.

सुट्टीत प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांनी त्याआधीच्या रविवारी मिस्सानंतर वेदीजवळ यावे, प्रवासासाठी आशीर्वाद देऊ. आणि पर्समध्ये काहीतरी गोड राहू द्या. वहिनीने मुद्दाम सांगायला सांगितले आहे.