सरासरी अंतर

शाळेत ग्रहांचा क्रम पाठ करताना आणखी एक गोष्ट नकळत डोक्यात बसली: यादीत जो शेजारी, तोच जवळचा. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ. म्हणजे आपल्या एका अंगाला शुक्र आणि दुसऱ्या अंगाला मंगळ. ‘पृथ्वीच्या सर्वांत जवळचा ग्रह कोणता?’ असं आलं की शुक्र लिहायचं आणि एक मार्क घ्यायचा.

२०१९ साली ‘फिजिक्स टुडे’मध्ये तिघांनी मिळून एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. शुक्र आपल्या सर्वांत जवळ येतो हे खरं, पण तो तिथे राहत नाही. साधारण ५८४ दिवसांतून एकदा तो चार कोटी किलोमीटरवर येतो आणि मग मागे-पुढे होत सूर्याच्या पार पलीकडे, २६ कोटी किलोमीटरवर जातो. बुध कधीच इतका जवळ येत नाही. पण त्याची कक्षाच एवढीशी, की तो फार लांबही जात नाही. सरासरी काढली तर पृथ्वीपासून बुध १.०४ खगोलीय एकक, शुक्र १.१४, मंगळ १.७०. (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर.)

माझा विश्वास बसेना, म्हणून पायथनमध्ये वीसेक ओळींचा कोड लिहिला. बुधच आला. गंमत म्हणजे सातही ग्रहांना सरासरीत बुधच सर्वांत जवळचा. अगदी नेपच्यूनलासुद्धा, शेजारच्या युरेनसपेक्षा बुध जवळचा!

हे सगळं मला एका फॉर्ममुळे आठवत राहिलं.

गेल्या पावसाळ्यात आई घरात घसरून पडली. मनगट मोडलं. ती साताऱ्यात एकटी, मी बंगळुरूत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, रात्रभर बसल्या. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. फॉर्मवर ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यात काकूंचं नाव होतं आणि नात्यापुढे ‘शेजारी’. मी पेन मागितलं, ते खोडलं आणि माझं नाव लिहिलं. काकू बाजूलाच उभ्या होत्या. म्हणाल्या, “बरं केलंस.”

मी नऊ दिवस राहिले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, लेक बघा कशी धावत आली. मलाही ते खरं वाटत होतं. चार कोटी किलोमीटर!

परत गेल्यावर मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. बुध जवळ असतो यात त्याचं काय मोठेपण? तो कोणासाठीच येत नाही. सूर्याला धरून आपल्या जागी फिरतो, म्हणून आपोआप सगळ्यांच्या जवळ पडतो. काकूंचं तसंच. त्यांचं घर तिथे आहे, एवढंच. मी मात्र सुट्टी टाकून, रात्रीची बस पकडून मुद्दाम गेले होते. जवळीक मोजायची तर हेतू धरायला नको का?

हा युक्तिवाद मला दोन दिवस पुरला. काकूंचं घर तिथे असणं हा योगायोग, मान्य. पण रोज सकाळी आईची दुधाची पिशवी वर आणून बेल वाजवणं, दार उघडेपर्यंत थांबणं, हे कुठल्या कक्षेत ठरलेलं नव्हतं. त्या रोज ठरवत होत्या. माझं धावत जाणं सगळ्यांना दिसलं, कारण मी मुळात लांब होते.

बुधाबद्दल आणखी एक गोष्ट आहे. सरासरीत सर्वांत जवळचा असूनही तिथे पोचणं फार अवघड. सूर्याच्या दिशेने जाताना यानाचा वेग वाढत जातो आणि तो कमी करत करतच बुधाशी थांबावं लागतं. मेसेंजर यान ऑगस्ट २००४मध्ये निघालं. पृथ्वीजवळून एकदा, शुक्राजवळून दोनदा आणि खुद्द बुधाजवळून तीनदा गेल्यावर मार्च २०११मध्ये ते त्याच्या कक्षेत स्थिरावलं. साडेसहा वर्षं.

दिवाळीत मी काकूंसाठी साडी घेऊन गेले. त्या अवघडल्या, आणि मी त्यांच्याहून जास्त. खोडलेल्या नावाबद्दल बोलायचं होतं. त्याऐवजी आम्ही पाण्याच्या टाकीबद्दल बोललो.

फॉर्मवर अजून माझाच नंबर आहे. परवा मीटिंगमध्ये असताना दवाखान्यातून फोन आला: उद्या अकराला एक्स-रे आहे, आईंना घेऊन या. मी “हो, येतो” म्हटलं, फोन ठेवला आणि काकूंना लावला.