वस्तरा, परवाना आणि दंडाचे माप

अमेरिकेत दुसऱ्याचे केस कापायला राज्याचा परवाना लागतो. 1897 मध्ये मिनेसोटाने तो पहिल्यांदा सक्तीचा केला आणि पुढे एकेक राज्य त्या वाटेने गेले. आपल्याकडे दुकानाची नोंद झाली की सलून सुरू होते, हातातल्या कसबाचा सरकारी दाखला कुणी मागत नाही. टेक्सासमध्ये मात्र हजार तासांचे शिक्षण, त्यावर परीक्षा आणि मग परवाना. जे सरकार तो देते तेच तो काढूनही घेऊ शकते, त्यामुळे शिक्षा कशी ठरते हा तिथल्या कारागिराच्या पोटाचा प्रश्न आहे.

टेक्सासच्या कायद्यात एका उल्लंघनासाठी दिवसाला 5,000 डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो ठरवताना उल्लंघन किती गंभीर, आधीचा इतिहास काय, पुन्हा असे घडू नये यासाठी किती रक्कम पुरेल आणि चूक सुधारायला काय केले, हे पाहावे लागते. शेवटी आणखी एक निकष आहे: न्यायाला आवश्यक वाटेल अशी इतर कोणतीही बाब. मला हाच सर्वांत मोलाचा वाटतो. पण शिक्षेत सारखेपणा यावा म्हणून परवाने देणारे खाते दंडाचे दरपत्रक करते आणि नेमका हा निकष कुठल्याच दरपत्रकात बसत नाही.

गांभीर्याचेच घ्या. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस जिवंत राहतो. एकाच्या मानेवर फिरलेले ब्लेड तसेच दुसऱ्याच्या मानेवर फिरले, तर गिऱ्हाईक आजार घेऊन घरी जाते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. परवाना पद्धतीचे खरे समर्थन एवढेच आहे. उलट, परवाना दर्शनी जागी लावलेला नाही, नूतनीकरणाची तारीख उलटून गेली, यांनी कुणाचे रक्त दूषित होत नाही. तरी दोन्हींची नोंद ‘उल्लंघन’ म्हणूनच होते, आणि पुढच्या वेळी ‘पूर्वेतिहास’ म्हणून तीच अंगावर येते. कागदाच्या तीन चुका केलेला माणूस सराईत ठरू नये.

धाक बसेल एवढी रक्कम, हा निकषही बारकाईने वाचायला हवा. एका खुर्चीवर संसार चालवणाऱ्याला हजार डॉलरचा दंड म्हणजे घरभाडे थकणे. मोठ्या साखळी सलूनला तो धंद्याचा किरकोळ खर्च. दोघांना धाक बसायला सारखी रक्कम लागत नाही, हे कायद्याच्या शब्दांतच आहे. ते वाचणारा अधिकारी हवा. दंडाची नोटीस मिळाल्यापासून वीस दिवसांत तो मान्य करायचा किंवा सुनावणी मागायची. खटपट नको म्हणून निमूटपणे पैसे भरणारे किती असतील, याचा विचार दंड ठरवण्याआधीच झाला पाहिजे.

शिक्षेचे माप सुटले की काय होते ते 2010 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातील ऑरलँडो भागात दिसले. ज्या सलूनची तपासणी दोनच दिवसांपूर्वी निर्वेध झाली होती, तिथे परवाना तपासणीच्या नावाखाली सशस्त्र पोलीस घुसले. गिऱ्हाइकांना बाहेर काढले, कारागिरांना बेड्या घातल्या. एकही उल्लंघन सापडले नाही. त्या काळातल्या धाडींचा रोख मुख्यतः कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्त्यांतल्या सलूनवर होता, आणि बहुतेक अटका विनापरवाना केस कापल्याच्या आरोपावरून झाल्या. 2014 मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने, तपासणीच्या आडून केलेली अशी वॉरंटविना झडती घटनाबाह्य ठरवली. सुनावणीच्या आधीच, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मिळालेली ही शिक्षा होती. कुठल्याही दरपत्रकात तिची नोंद नाही.

परवाना निलंबित होतो तेव्हा माणसाचे नुसते दिवसाचे उत्पन्न जात नाही, वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइकेही शेजारच्या खुर्चीत जाऊन बसतात आणि परत येतीलच असे नाही. म्हणून निलंबन फक्त दोन ठिकाणी शोभते: गिऱ्हाइकाच्या शरीराला धोका असेल तिथे, आणि सांगूनही सुधारायला नकार असेल तिथे. अवजारे निर्जंतुक न करता वापरणाऱ्याला सवलत नको. ज्याचा कागद राहून गेला आणि ज्याने तो लगेच पुरा केला, त्याला मात्र आधी लेखी समज द्यावी, मुदत द्यावी आणि दंड त्यानंतरही गरज उरली तरच करावा.