न दिसणारा सांधा

घरी आलेल्या पाहुण्यास आम्ही हौसेने आमची सुतारकामाची खोली दाखवितो, तेव्हा त्याचा हात आपोआप कामाच्या बाकाच्या फळीवरून फिरतो. फळी जाड आहे, गुळगुळीत आहे. तिची स्तुती होते. ती फळी ज्याच्यावर उभी आहे त्या सांगाड्याकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. मुद्दाम पाहावे असे त्यात काही नाही, हेही खरेच. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, मधल्या जागेत सहा खण आणि पाठीमागे भिंतीला लागून प्लायवुडचा तक्ता. परंतु हा सांगाडा तयार करताना एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला आणि तो सुतारकामापुरता मर्यादित राहिला नाही. जे कोणाच्याही दृष्टीस कधी पडणार नाही, ते नीट का करावे?

आपल्याकडील परंपरागत सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून काम करीत आला आहे. उभ्याने काम करण्याचे बाक आम्ही प्रथम पाहिले ते शाळेच्या कार्यशाळेत. युरोपात मात्र ते फार जुने आहे. पॅरिसचा सुतार आंद्रे-जाकोब रूबो ह्याने १७६९ पासून खंडशः प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बाकाचे चित्र दिले आहे. जाड फळी आणि तिच्या कडेशी समपातळीत उतरणारे भक्कम पाय असे ते बाक आजही जगभर नमुना म्हणून वापरले जाते. सेवानिवृत्तीनंतर गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा आम्हीही तसे बाक स्वतः करावयाचे ठरविले. उंची आमच्याच मापाची घेतली. ताठ उभे राहून हात खाली सोडला असता तळवा जेथे सपाट टेकतो, ती रंधा मारण्यासाठी योग्य उंची.

बाकाची खरी परीक्षा रंधा मारतानाच होते. सगळा जोर फळीच्या लांबीच्या दिशेने जातो आणि कोपरे सैल असतील तर खालची चौकट तिरपी होऊ लागते. त्यावर उपाय ठरलेले आहेत. एका लाकडात साल पाडावी, दुसऱ्याच्या टोकाचे कुसू तासून त्यात घट्ट ठोकून बसवावे. खालच्या पट्ट्या रुंद घ्याव्यात. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आहे असे समजावे. शेवटी पाठीमागे तक्ता सरस लावून स्क्रूंनी पक्का करावा, म्हणजे चौकटीला हलावयास वाव राहत नाही. खणांत हत्यारे भरली की बुडाला वजन येते आणि बाक जागेवरून सरकत नाही. परंतु वजनाने सांधा घट्ट होत नाही, हे आम्हांस पुढे कळले.

झाले असे की, मागच्या बाजूच्या खालच्या पट्टीचे एक कुसू आमच्या हातून बारीक तासले गेले. सालीत घातल्यावर ते खुळखुळू लागले. नवी पट्टी कापावी तर लाकूड थोडेच उरलेले. शिवाय संध्याकाळ झाली होती. मदतीस आलेले स्नेही म्हणाले, “मास्तर, ही बाजू भिंतीला. तिथे कोण वाकून बघणार?” आम्ही भुसा सरसात कालवून फट भरली. वाळल्यावर वरून पॉलिश कागद मारला. सांधा इतका सुबक दिसू लागला, की इतर सांध्यांत तोच उजवा वाटावा! मागचा तक्ताही चार बारीक खिळ्यांवर भागविला. दोन महिने बाक निमूटपणे उभे राहिले. मग एके दिवशी सागाची फळी रंधताना ते बोटभर झुलले. सहाही खण रिकामे करून, बाक ओढून, तक्ता उखडून पाहिले तो भुशाचा चुरा झालेला होता.

येथे कोणी म्हणेल, उत्तर मिळाले. नीट न केल्यास बाक हलते, म्हणून नीट करावे. परंतु हे उत्तर अपुरे आहे. समजा, बाक कधीच हलले नसते तर? आमच्या पश्चात कोणाच्या तरी हाती ते मोडले असते, तर? प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकन एक कथा सांगतो. लिडिया देशातील एका मेंढपाळास अशी अंगठी सापडते की, ती फिरविली असता तो अदृश्य होतो. तिच्या बळावर तो राजाचा घात करून राज्य बळकावितो. ग्लॉकनचे म्हणणे असे की, अशी अंगठी मिळाल्यास न्यायी माणूस आणि अन्यायी माणूस ह्यांत काही फरक उरणार नाही. भिंतीला टेकणारी बाजू ही आम्हां सामान्य माणसांची तीच अंगठी होय. राज्य बळकाविण्याची आमची ऐपत नाही. आम्ही भुसा भरतो.

मग न दिसणारी प्रत्येक बाजू दर्शनी बाजूइतकीच घोटून, पॉलिश करून ठेवावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. युरोपातील अठराव्या शतकातील उत्तमोत्तम कपाटांच्या पाठी आणि खणांचे तळ पाहिले, तर त्यांवर रंध्याचे ओरखडे तसेच राहिलेले आढळतात. त्या कारागिरांनी फसविले असे कोणी म्हणत नाही. जेथे गुळगुळीतपणाचे काम नाही तेथे त्यांनी श्रम वाचविले; सांध्यात मात्र वाचविले नाहीत. खडबडीत पाठ कसलाही दावा करीत नाही. भुशाने भरलेला सांधा मात्र मजबुतीचा दावा करतो, आणि तो खोटा असतो. न नटविणे वेगळे आणि लपविणे वेगळे. कित्येक भले लोक साधेपणाला उणेपणा समजून उगीच खंत करीत राहतात आणि लपवाछपवीला मात्र व्यवहार म्हणून सोडून देतात, ते हा भेद ध्यानात न आल्यामुळेच.

सुतारकाम म्हटले की आपल्या वाचकांस संत योसेफाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्याच्या मुखीचा एकही शब्द शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. त्याने घडविलेली एकही वस्तू उरलेली नाही. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ साली मानवी श्रमासंबंधी जे परिपत्रक लिहिले, त्यात श्रमातून निपजणारी वस्तू आणि श्रम करणारा माणूस ह्यांचा वेगवेगळा विचार करून अग्रमान माणसाला दिला आहे. भुसा भरताना सांधा तर बिघडतोच. पण पुढच्या वेळी भुसा भरावयास आपला हात अधिक सहज वळतो, हा बिघाड मोठा.

सांगाडा दुरुस्त करून पुन्हा खण भरावयास घेतले, तेव्हा आणखी एक गोष्ट उजेडात आली. वसईच्या दमट हवेत उन्हाळ्यात घट्ट बसविलेला लाकडी खण पावसाळ्यात फुगून अडकतो, म्हणून ह्या वेळी खणांना थोडी मोकळीक दिली आणि आत प्रत्येक हत्यारासाठी त्याच्या आकाराची खाच आखली. पटाश्या, गुण्या, खतावणी, करवती. खाच आखावयाची म्हणजे प्रत्येक हत्यार हातात घेऊन विचारावे लागते, की हे कोणाचे? एक लोखंडी रंधा आमचा नव्हता. आळीतल्या एका वृद्ध सुताराकडून तो आम्ही काही वर्षांपूर्वी एका दिवसापुरता मागून आणला होता. ते सुतार वारले होते. हत्यारांच्या ढिगाखाली तो रंधा आम्ही विसरलो, असे म्हणणे सोयीचे आहे. खरे सांगावयाचे तर दोनदा तो दृष्टीस पडला होता आणि दोन्ही वेळा आम्ही त्यावर काहीतरी ठेवले होते.

त्यांच्या मुलाकडे तो घेऊन गेलो. त्याने रंधा उलटा करून तळाकडे एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, “बाबा लय शोधत होते हा. हाताखालच्या पोऱ्यावर त्यांचा संशय गेला. पोऱ्या काम सोडून गेला.” रागाने तो काहीच बोलला नाही. त्याने आम्हांस चहा दिला.

तो पोऱ्या आता कोठे आहे हे त्यासही ठाऊक नाही. आमच्या खणात काय आहे हे कोणी पाहत नव्हते, म्हणून त्यात कोणाचे नुकसान नाही, अशी आमची समजूत होती. नुकसान झाले होते, आणि ज्याने तो रंधा कदाचित हातातही धरला नसेल त्याचे झाले होते. न दिसणाऱ्या बाजूचे ओझे कोणीतरी वाहतच असते. ते कोण, हे आपणांस दिसत नाही, एवढेच. नीट का करावे, ह्याचे ह्याहून अधिक पटणारे उत्तर आम्हांपाशी नाही.

बाक आता हलत नाही. वरून दुसऱ्या खणात रंध्याची खाच आखून, कोरून तयार होती. ती आम्ही बुजविली नाही. पोऱ्याची चौकशी चालू आहे.